चाळीस मिनिटं

माझ्याकडचा सगळ्यात चांगला फोटो टिटवीचा आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला. रेल्वेच्या गिट्टीत चार अंडी, त्यांच्यावर पाय फाकवून उभी असलेली टिटवी, चोच किंचित उघडी, डोळ्यापुढची लाल कातडी अगदी नेमकी फोकसमध्ये आणि पोटाची पांढरी पिसं ओली. मागचं सगळं पिवळसर, धूसर. इन्स्टाग्रामवर टाकला तेव्हा एकानं खाली लिहिलं, ‘काय विश्वास ठेवलाय रे तिनं तुझ्यावर!’ मी त्याला लगेच बदाम पाठवला. माझीही तीच समजूत होती.

आठ दिवसांनी तो फोटो मी काढून टाकला. का काढला हे मित्रांना नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगायचा प्रयत्न करतोय.

पक्ष्यांचे फोटो काढायचे तर ताडोबाला जायला हवं, मेळघाटला जायला हवं, निदान टिपेश्वरला तरी, असं आमच्या दारव्ह्यात सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. मग मावसभावाचा जुना कॅमेरा माझ्याकडे आला. तो लग्नाचे फोटो काढतो. त्यानं नवा घेतला आणि जुना, ५५-२५०च्या लेन्ससकट, मला वापरायला दिला. जिल्ह्याच्या त्या टोकाला टिपेश्वरला जाण्याइतके पैसे जवळ नव्हते, म्हणून गावाबाहेर फिरायला लागलो आणि थक्क झालो. विजेच्या तारेवर नीलपंख. तुरीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे तुराट्यांवर (पऱ्हाटी कपाशीची; माझी आजी असती तर चूक काढली असती), वेडा राघू. बाभळीच्या शेंड्यावर लाल डोळ्यांची कापशी. कपाशीच्या मुलखात कापशी नावाचा पक्षी आहे आणि तो वीस वर्षांत मी एकदाही पाहिलेला नव्हता. दिसला असणार हजार वेळा. पाहिला नव्हता.

पण दिसणं वेगळं आणि फोटो मिळणं वेगळं. नव्यानं सुरुवात केलेल्या कुठल्याही माणसाचं मेमरी कार्ड उघडून बघा, त्यात रिकाम्या फांद्या असतात. पक्षी दिसतो, कॅमेरा उचलतो, फोकस मागच्या पानांवर बसतो, तो सावरेपर्यंत पक्षी उडालेला असतो. उडत्या पक्ष्यासाठी शटर एक हजारांश सेकंदाच्या वर हवा हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर माझ्याकडे नीलपंखाच्या जागी निळे डागच होते.

अशा माणसाला घरटं सापडलं की काय होतं ते सांगायला नको. घरट्यावरचा पक्षी जात नाही. गेला तरी परत येतो. कुठं येणार तेही ठाऊक असतं. कॅमेरा आधीच रोखून ठेवायचा, फोकस बसवून ठेवायचा आणि वाट बघायची. आपल्या हाताचा आणि कॅमेऱ्याचा सगळा मंदपणा पक्ष्याच्या अगतिकतेनं भरून निघतो. हे वाक्य आज लिहितोय. तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, ‘आज नशीब जोरावर आहे.’

मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला, कापूस वाहून न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली नॅरोगेज, दारव्हा मोतीबागवरून जायची. ती बंद झाली. रुळांच्या मधे आता वाळलेला तरोटा आणि बाभळीची रोपं. सकाळी सातला निघून, हाती काही न लागता, त्या रुळांच्या कडेनं मी परत येत होतो आणि एक टिटवी डोक्यावर आली. ‘टिटिव टिव टिटिव टिव’ करत पुन्हा पुन्हा खाली झेप घेऊन वर जायची. मी उभा राहिलो, गिट्टीकडे नीट पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं कळलं की ज्या चार दगडांकडे मी बघतोय ते दगड नाहीत.

टिटवी घरटं असं बांधतच नाही. जमिनीत एक उथळ खळगा, भोवती चार खडे. मातकट रंगाच्या अंड्यांवर काळे डाग, टोकं आत करून ठेवलेली. शेतात ठेवते, माळावर ठेवते, रुळांच्या गिट्टीत ठेवते. आमच्याकडे जुने शेतकरी टिटवीनं अंडी उंचावर घातली की बख्खळ पाऊस, सखल जागी घातली की कोरडं, असा अंदाज बांधतात. अंडी जितकी तितके महिने पाऊस, असंही कुणी सांगतं. रात्री ती ओरडली की घरात कुणीतरी जाणार म्हणून तिला हाकलतात, आणि आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून ती पाय वर करून झोपते, असं सांगत तिच्यावर हसतातही. आभाळ झेलण्याचं मला माहीत नाही. दुसरं एक ती करते ते मात्र माझ्या फोटोत आहे आणि फोटो काढताना मला ते समजलेलं नव्हतं.

मी पोटावर झोपलो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा आणला की फोटो जिवंत होतो, हे युट्यूबवर शिकलो होतो आणि ते खरंही आहे. अंड्यांपासून पंधरा फुटांवर असेन. २५०ची लेन्स असली की चौकट भरायला एवढं जवळ जावंच लागतं. गिट्टी इतकी तापली होती की शर्टाच्या बाह्या खाली ओढून कोपरं टेकवावी लागली. टिटवी वर फिरत होती, ओरडत होती, थोड्या अंतरावर उतरून मान वर-खाली करत चालत होती, पुन्हा उडत होती. मधे ती कुठंतरी दूर गेली. मग आली, उतरली, थांबली, दोन पावलं पुढे, थांबली, आणि अंड्यांवर येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत. मी बटण दाबून धरलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. शेळ्या घेऊन येणारे एक आबाजी होते.

“काहून झोपला गा उनात?”

“टिटवीचा फोटो काढून राह्यलो, आबाजी.”

“थे कधीची वरती फिरून राह्यली, अन् तू तिच्या दारात झोपला. ऊठ ना आता. अंडे उकडतीन तिचे.”

मी उठलो. फोटो मिळालाच होता. खरं सांगायचं तर फोटो मिळाला नसता तर उठलो असतो का, याची मला खात्री नाही.

घरी येऊन फोटो लॅपटॉपवर घेतले. प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा वेळ नोंदवतो. पहिला फोटो १०:५२चा होता, शेवटचा ११:३२चा. त्या दिवशी पारा ४४ वर होता.

पुढचं सगळं मी नंतर वाचलं. टिटवी उन्हाळ्यात अंडी उबवण्यासाठी तेवढी बसत नाही. भर दुपारी ती त्यांच्यावर सावली धरून उभी राहते. शिवाय पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि त्या ओलाव्यानं अंडी गार करते. नर-मादी दोघं पाळीनं हे काम करतात आणि ते दोघं दिसायला सारखेच, त्यामुळे मी ‘ती’ म्हणतोय तो नरही असेल. कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्रात तापमान ३७.५ अंशांच्या आसपास ठेवतात. त्याच्या फार वर गेलं की आतला जीव मरतो. माझी कोपरं ज्या गिट्टीवर टेकत नव्हती त्याच गिट्टीवर ती अंडी होती. सावलीशिवाय. चाळीस मिनिटं.

म्हणजे ती मधे कुठंतरी दूर गेली होती ती पाण्यावर गेली होती. आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली ती माझी ओळख पटली म्हणून नव्हे. पंधरा फुटांवर एक मोठं जनावर पडलेलं असतानाही तिला यावं लागलं, कारण आणखी थांबणं परवडणारं नव्हतं. फोटोत चोच किंचित उघडी आहे, ती बहुतेक उन्हानं लागलेली धाप आहे. ओली पिसं मला फार सुंदर वाटली होती.

वन्यजीवांच्या फोटोंखाली हा शब्द सारखा येतो: विश्वास. ‘तिनं मला स्वीकारलं’, ‘त्यानं मला जवळ येऊ दिलं.’ कधीकधी खरंही असेल. बसस्टँडवरची साळुंकी माणसाला फारसं भीत नाही आणि चहाच्या टपरीवरचा कावळा तर आपल्यालाच जवळ येऊ देतो. पण घरट्यावरच्या पक्ष्यापुढे उडून जाण्याचा पर्याय नसतो. ज्याला निघून जाता येत नाही त्याचं थांबणं संमती म्हणून मोजता येत नाही, हे माणसांच्या बाबतीत आपण हळूहळू शिकतोय. टिटवीच्या बाबतीत मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

दहा दिवसांनी मी पुन्हा तिथं गेलो. खळगा होता. अंडी नव्हती, टरफलं नव्हती, आणि डोक्यावर येऊन ओरडायलाही कुणी नव्हतं.

यातून काय कळतं? काहीच नाही. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत खळगा सोडून आईबापांमागे चालू लागतात. तेव्हा रिकामा खळगा म्हणजे चार पिल्लं पाण्याच्या दिशेनं गेली, असंही असू शकतं. मुंगूस, कुत्रा किंवा कावळ्यानं डाव साधला, असंही असू शकतं. अंडी आतल्या आत मेली, टिटवीनं शेवटी नाद सोडला आणि मग कुणीतरी ती खाल्ली, असंही असू शकतं. माझ्याकडे पुरावा नाही आणि मिळणारही नाही.

मला त्रास झाला तो इथं. माझ्यामुळे काही बिघडलं हे सिद्ध होत नाही. मग मी अपराधी आहे की नाही?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच परिसंवादात या तऱ्हेच्या प्रश्नावर निबंध वाचले. विल्यम्सचं उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. तो नीट गाडी चालवतोय, त्याची चूक काही नाही, आणि एक मूल अचानक चाकाखाली येतं. त्याला कुणी दोषी धरणार नाही. तरी त्याला जे वाटेल ते रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हळहळीपेक्षा वेगळं असेल, आणि वेगळं असायलाच हवं, असं विल्यम्स म्हणतो. नेगलचा ड्रायव्हर जास्त ओळखीचा आहे. त्यानं बरेच दिवस ब्रेक तपासलेले नाहीत. मूल आडवं आलं तर तो जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. मूल आडवं आलंच नाही तर तो संध्याकाळी घरी जाऊन जेवेल. निष्काळजीपणा दोन्हीकडे तेवढाच. फरक पडला तो रस्त्यावर त्या क्षणी कोण होतं यानं.

मी नेगलचा ड्रायव्हर आहे, फक्त मूल आडवं आलं की नाही हे मला कधी कळणार नाही असा. आणि मला वाटतं, याचा एक फायदा होतो. निकाल माहीत असता तर मी निकालाकडे बघत बसलो असतो. पिल्लं दिसली असती तर ‘बघा, काही झालं नाही’ म्हणून पुढच्या घरट्यापुढे झोपलो असतो. मेलेली अंडी दिसली असती तर चार दिवस रडून कॅमेरा विकला असता. निकालच नाही म्हटल्यावर उरतं ते कृत्य. भर उन्हात, तिला काय हवंय याची चौकशी न करता, मला काय हवंय यासाठी चाळीस मिनिटं. पिल्लं जगली असली तरी ती चाळीस मिनिटं तशीच राहतात.

टपरीवर मी हे बोललो तेव्हा एक मित्र वैतागला. त्याच्या घरची शेती आहे. तो म्हणाला, “मृगाच्या आधी वखरणी होते, रोटाव्हेटर फिरतो, त्यात टिटवीची किती अंडी जातात तुला माहीत आहे का? शेळ्या जातात, म्हशी जातात. वर्धा-नांदेड रेल्वेचं काम चाललंय, तिथं जेसीबी कुणाला विचारतो का? अन् तू एका फोटोसाठी डोकं धरून बसला!”

हा मुद्दा वाटतो तितका फालतू नाही. माझ्या चाळीस मिनिटांपेक्षा रोटाव्हेटरचं एक मिनिट जास्त अंडी मारत असेल. तणनाशकं काय करत असतील ते वेगळंच. पण शेतकरी वखर घेऊन निघतो तेव्हा टिटवीकडे निघालेला नसतो. त्याला पावसाआधी रान तयार करायचंय, आणि त्यातही खळगा दिसला तर तेवढी जागा सोडून वखर वळवणारे लोक मी पाहिलेत. मी मात्र टिटवीकडेच निघालो होतो. माझ्या तिथं असण्याचं दुसरं काहीही कारण नव्हतं. ज्याला ‘मी पक्ष्यांवर प्रेम करतो’ असं म्हणायचंय त्यानं आपला हिशोब रोटाव्हेटरशी लावणं जरा विचित्र आहे. मित्राला हे पटलं नाही. चहाचे पैसे मात्र त्यानंच दिले.

कॅमेरा निरुपद्रवी आहे ही आपली समजूत आली कुठून? मला वाटतं, बंदुकीशी तुलना करून आली. जॉन जेम्स ऑड्युबॉननं अमेरिकेतल्या पक्ष्यांची ती प्रसिद्ध चित्रं काढली ती पक्षी मारून, तारेनं उभे करून. सालिम अलींचा पक्षीअभ्यास सुरू झाला तोच लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीपासून. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत चौकशीला गेले. पुढे अभ्यासासाठी त्यांनीही नमुने गोळा केले. तो काळच तसा होता. त्यामानानं कॅमेरा म्हणजे अहिंसाच.

पण पक्ष्यांच्या फोटोंची सुरुवात शोधत गेलो तर ती घरट्यापाशीच सापडते. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन या दोघा भावांनी १८९२ मध्ये घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला. त्यांचे कॅमेरे जड, काचा मंद. पुढे पक्ष्यांच्या जवळ जाता यावं म्हणून त्यांनी पोकळ बैल तयार करवून घेतला आणि त्याच्या पोटात शिरून फोटो काढले. (आत उभा राहिलेल्या माणसाचं काय होत असेल, देव जाणे.) म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या उस्तादांना जी अडचण होती तीच मला, आणि तिच्यावरचा उपायही तोच: जो पक्षी हलू शकत नाही तो गाठायचा. त्याच इंग्लंडमध्ये १९८१च्या कायद्यानुसार दुर्मिळ पक्ष्यांच्या ठराविक यादीपुरती घरट्याजवळ फोटोसाठी जाण्यावर परवान्याची अट आहे. आणि आपल्याकडे? आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचा. तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना व्यत्यय आणणंसुद्धा येतं. मी ती ओळ तीनदा वाचली. हाती बंदूक नसताना, रक्ताचा थेंब न सांडता, त्या सकाळी मी जे केलं त्याच्या अगदी जवळचा शब्द कायद्यापाशी शिकार हा आहे.

मग मी पक्षीमित्रांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की नक्की किती लांब राहायचं. उत्तरं भराभर आली. ‘शंभर फूट.’ ‘पक्ष्याची वागणूक बदलली की तुम्ही जास्त जवळ आहात.’ ‘नैतिकता आधी, फोटो नंतर.’ सगळं बरोबर. पण उत्तर देणाऱ्यांचे फोटो बघितले आणि मला जरा राग आला. त्यांच्या हातात ६०० एमएमच्या लेन्स होत्या. ६०० एफ-४ची नवी लेन्स दहा लाखांच्या वर जाते. १५०-६००ची साधी झूम घ्यायची तरी लाखाच्या आसपास. शंभर फुटांवरून त्यांच्या चौकटीत टिटवीचा डोळा दिसतो, माझ्या चौकटीत एक ठिपका. आणि ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्याला तर ठिपकाही नाही. मोबाइलची लेन्स रुंद दृश्यासाठी बनवलेली असते, तिला पक्षी मोठा दिसायला हवा तर हातभर अंतरावर जावं लागतं. म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याला मोह जास्त. लांब राहण्याचं पुण्य पैसेवाल्याला लेन्ससोबत फुकट मिळतं.

या रागात मी बरेच दिवस होतो. तो खोटा होता असं अजूनही मला वाटत नाही. पण तो राग धरून मी टिटवीपुढे गेलो तर ती काय करणार? माझ्याकडे दहा लाख नाहीत हा माझा आणि जगाचा हिशोब आहे. तो चुकता करायला तिची अंडी वापरता येत नाहीत. तिला तर माझी लेन्स केवढी हेही माहीत नाही. एवढं कळायला मला पावसाळा उजाडला.

आणि पावसाळ्यात दुसरं एक कळलं. अंतर पैशानं विकत मिळतं, तसं वेळ घालवूनही कमी होतं, फक्त ते आपण कमी करायचं नसतं. ऑगस्टमध्ये घरामागच्या भिंतीवर मी मातीचं पसरट भांडं पाणी भरून ठेवलं आणि रोज सकाळी त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर पाटावर बसायला लागलो. कॅमेरा मांडीवर. पहिले चार दिवस कुणी नाही. मग चिमण्या. मग होला, बुलबुल. तिसऱ्या आठवड्यात एक शिंपी माझ्या इतक्या जवळ येऊन पाणी पिऊ लागला की लेन्स फोकसच करेना, मला मागे सरकावं लागलं. तो कधीही उडून जाऊ शकत होता. रोज जातही होता, आणि दुसऱ्या दिवशी येत होता. याला मी विश्वास म्हणेन. निदान सवय तरी.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी विचारलं तर मी आता हेच सांगतो. मोबाइल असेल तर त्यावरच सुरू करा, पण जो पक्षी आपल्याकडे येतो त्याच्यापासून. टपरीवरच्या साळुंक्या, गुरांमागचे गायबगळे, तळ्याच्या काठी पुतळ्यासारखी बसणारी ढोकरी. सकाळी ऊन वर चढायच्या आत, सूर्य आपल्या पाठीशी ठेवून, खाली बसून. डोळा फोकसमध्ये आला पाहिजे, शेपूट सुटली तरी चालेल. मोटारीत बसून काच खाली केली तर पक्षी पायी चालणाऱ्यापेक्षा कमी घाबरतात, हे विचित्र आहे पण खरं आहे. दुसऱ्या पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून बोलावू नका. त्याला वाटतं आपल्या हद्दीत परका शिरला आणि तो सगळं काम टाकून भांडायला येतो. आणि घरटं सापडलं तर एक फोटोही न काढता मागे फिरा. हे शेवटचं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. माझाही पडला असता.

जागेबद्दलही आता मी कमी बोलतो. ‘लोकेशन?’ हा प्रत्येक फोटोखालचा पहिला प्रश्न असतो. आपल्या शेजारच्या मेळघाटात सापडणाऱ्या रानपिंगळ्याची गोष्ट या बाबतीत मोठी गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात नोंदवलेला हा छोटा घुबडवंशी पक्षी नंतर दिसेनासा झाला. रिचर्ड मायनर्ट्झहॅगन या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला म्हणून सांगितलेला नमुना खोटा होता, संग्रहालयातून चोरून चिठ्ठी बदललेला. ती लबाडी पामेला रासमुसेन यांनी उघडकीला आणली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पक्षी जिवंत दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. तेव्हा चुकीच्या पत्त्यानं शास्त्राचं नुकसान झालं. आता उलट धोका आहे, पत्ता फार बरोबर असतो. कॅमेरा असलेला मोबाइल अक्षांश-रेखांश फोटोतच लिहून ठेवतो. म्हणून ‘ई-बर्ड’सारख्या जागतिक नोंदवहीतही काही संकटग्रस्त पक्ष्यांची नेमकी जागा झाकून ठेवतात. माझी टिटवी काही दुर्मिळ नाही, गावोगाव आहे. पण मी त्या फोटोखाली ‘शकुंतला रेल्वे लाइन, दारव्हा’ असं लिहिलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजमधल्या दोघांनी विचारलं होतं, ‘नेमकं कुठं रे?’ मी त्यांना सांगितलंही होतं.

ते दोघं गेले की नाही, मी विचारलं नाही.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी पुन्हा रुळांच्या कडेनं गेलो. सकाळी साडेसहाला. टिटवी आली डोक्यावर. मी खळगा शोधला नाही, मागे सरकत गेलो. पंचवीस पावलांवर ती ओरडतच होती. चाळीसवर जमिनीवर उतरली, पण मान वर-खाली चालूच. सत्तराव्या पावलावर ती गप्प झाली, थोडं चालली आणि एका जागी जाऊन खाली बसली. मी तिथंच बसलो. पुढच्या अर्ध्या तासात तिनं एकदा पंख पसरले, दुसरी टिटवी आली, पाळी बदलली. दोघांचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. टिटवीला हळू आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. मी काही फोटो काढले आणि ऊन चढायच्या आत निघालो.

परतीच्या वाटेवर तेच आबाजी भेटले, त्याच शेळ्या, त्यात दोन नवी पाठरं. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “दाखव, काय काढलं.”

मी पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक केले, कॅमेरा उन्हातून बाजूला नेला, पुन्हा बघितलं.

“हे टिटवी होय का ढेकूळ होय?”

“टिटवी होय, आबाजी.”

“मंग जवळून काहून नाही काढला?”

“तुम्हीच तर उठवलं होतं ना मले, मांगच्या साली.”

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग हसले, कॅमेरा परत दिला, आणि रुळांवर चढलेल्या एका शेळीला हाकलायला गेले.